लंकेची वाट, पिंगळीचे घर

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तेथे न थांबताच पुढे जातात. सभोवार काळी जमीन, तीत कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी. आमच्या धर्मग्रामाची हद्द फार मोठी आणि तीतील कॅथलिक कुटुंबे फार थोडी, अशी आमची परिस्थिती आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा आम्ही या बाजूला फेरी काढतो, कोणाच्या तरी ओसरीवर मिस्साबली अर्पण करतो, आजाऱ्यांची विचारपूस करतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. आम्ही मूळचे वसईचे. परंतु सेवेची बहुतेक वर्षे मराठवाड्यात गेल्यामुळे आता वसईलाच आम्ही पाहुणे वाटतो.

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यातील अशाच एका फेरीत मिस्साबलीनंतर एक विधवा भगिनी आमच्यापाशी आली. वय चौतीस, पदरी दोन लेकरे, मुलगी नववीत आणि मुलगा चौथीत. नवऱ्याच्या पाठीमागे दीड एकर कोरडवाहू जमीन कसत होती. कापूस नुकताच विकला होता. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाला सरकारने क्विंटलला ७,५२१ रुपये हमीभाव जाहीर केला होता. परंतु उधारी अंगावर असलेल्या माणसाला खरेदी केंद्राच्या रांगेत थांबण्याची सवड नसते. तिने तो गावच्या व्यापाऱ्याला कमी दराने घातला होता.

"फादर, कुवेतला घरकामाला बाया घेतेत म्हणं," ती म्हणाली. "एक माणूस सांगू लागला. दोन वर्षं जाऊन येते. तुमी फकस्त लिवून द्या की बाई चांगल्या चालीची हाये म्हणून. कापसानं काय भागंना आता."

आम्हांला गाडी गाठायची होती. शिवाय अशा दलालांविषयी आम्ही बरेच ऐकून होतो. आम्ही तिला बसवून घेतले नाही; उभ्याउभ्याच एक छोटेसे प्रवचन दिले. पैशाच्या मागे लागून आजवर किती घरे मोडली, परमुलूख कसा असतो, आपली संस्कृती कशी कुटुंबावर उभी आहे, हे सारे आम्ही सांगितले आणि शेवटी म्हणालो, "बाई, आईविना घर म्हणजे छपराविना भिंती." वाक्य आमचे आम्हांलाच बरे वाटले. तिने मान हलविली, पदर सावरला आणि "बरं फादर" एवढेच म्हणून ती वळली. पत्र आम्ही दिले नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, २०२५ च्या जानेवारीत, आम्हीच परमुलखाला निघालो! संत जोजफ वाझ यांना संतपद प्राप्त होऊन त्या महिन्यात दहा वर्षे पूर्ण होत होती. सेमिनरीतील आमच्या काही जुन्या सोबत्यांनी त्यांच्या कर्मभूमीची, श्रीलंकेची यात्रा ठरविली आणि आम्हांलाही ओढून नेले. मुंबईहून कोलंबोला विमानाने अडीच तास लागतात. परभणीहून मुंबई गाठण्यासाठी आम्हांला त्याच्या चौपटीहून अधिक वेळ लागला होता.

लंका आपल्याला परकी नाही, हे रामायण ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला सांगावयास नको. परंतु आणखीही काही धागे आहेत. 'महावंस' या सिंहली परंपरेच्या पाली ग्रंथात विजय नावाच्या राजपुत्राची कथा येते. त्याचे जहाज लंकेला पोचण्याआधी सुप्पारक बंदराला लागले होते; सोबत्यांच्या दांडगाईमुळे तेथे त्याचा निभाव लागला नाही आणि तो पुढे लंकेला गेला. हे सुप्पारक म्हणजे आमच्या वसई तालुक्यातील सोपारा. आणि मराठवाड्यातील अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या लंकेवरील स्वारीचे भव्य चित्र आहे. म्हणजे आमची जन्मभूमी आणि कर्मभूमी दोन्हीही या बेटाच्या कथेत कधीच जाऊन बसल्या आहेत.

या देशाचे अधिकृत नाव आहे 'श्रीलंका लोकशाही समाजवादी प्रजासत्ताक'. १९७८ च्या राज्यघटनेने ते दिले. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, १९७७ साली, जयवर्धने यांच्या सरकारने अर्थव्यवस्था जगाला खुली करून टाकली होती. १९७८ साली कोलंबोच्या विमानतळाजवळ कटुनायके येथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले, परदेशी बाजारासाठी कपडे शिवणारे कारखाने आले आणि खेड्यांतील हजारो मुली शिलाई यंत्रांपुढे येऊन बसल्या. १९७९ साली शिधापत्रिकेवरील तांदळाऐवजी अन्नकुपने आली. नाव समाजवादी आणि वाट बाजाराची. पण आम्ही त्यांना हसावे कशाला? आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द १९७६ साली घातला गेला आणि १९९१ साली आपणही त्याच वाटेला लागलो. तरीही जुन्या काळाची एक पुण्याई त्या देशाने गमावलेली नाही. सरकारी शाळेत आणि सरकारी रुग्णालयात तेथे आजही शुल्क पडत नाही. खेडोपाडी पांढऱ्याशुभ्र गणवेशात शाळेला निघालेल्या मुलामुलींच्या रांगा पाहिल्या, की मन प्रसन्न होते.

निगंबो हे पश्चिम किनाऱ्यावरील मच्छीमारांचे शहर. देशात कॅथलिकांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास. येथे मात्र जिकडेतिकडे चर्च, चौकाचौकांत संतांच्या मूर्ती. दुकानांच्या पाट्यांवर परेरा, फर्नांडो, सिल्वा, मेंडिस! आम्हांला आपण वसईच्याच बाजारातून हिंडत आहोत असा भास झाला. आमची उतरण्याची व्यवस्था एका भाविक कुटुंबाकडे केलेली होती. पहिल्याच सकाळी रस्त्यावरून बारीक आवाजात एक ओळखीची धून आली. ती बीथोवनची 'फ्युर एलिझे' होती. आम्ही चकित होऊन बाहेर आलो. पाव विकणारा माणूस तीनचाकी रिक्षा घेऊन दारोदार फिरत होता. त्याच्या गाडीवर ही धून वाजते आणि ती ऐकून बायका पावासाठी बाहेर येतात. पावाला सिंहलीत 'पान' म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान ही दोन्ही पोर्तुगीज भाषेची लेकरे. आणि रिक्षा होती बजाजची. बजाजच्या तीनचाकी गाड्या आमच्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला तयार होतात. जर्मन संगीत, पोर्तुगीज पाव, वाळूजची रिक्षा आणि विकणारा सिंहली बौद्ध! त्याला यात काहीच नवल वाटत नव्हते. त्याचा धंदा चालला होता.

त्या घरात आणखी शब्द सापडत गेले. कपाटाला 'अल्मारिय', टेबलाला 'मेसय', खिडकीला 'जनेलय'. आपण अलमारी म्हणतो, मेज म्हणतो, आणि गोव्याचा माणूस खिडकीला जनेल म्हणतो. ज्या पोर्तुगिजांनी १५०५ साली या बेटावर पाऊल ठेवले त्यांची सत्ता १६५८ साली संपली. त्यांच्यानंतर डच आले आणि गेले, इंग्रज आले आणि गेले. परंतु हे शब्द घरातच राहिले. जागतिकीकरण हा शब्द आपण अलीकडे शिकलो. ती गोष्ट मात्र जुनी आहे. व्यासपीठावरून आम्ही तिला एखाद्या नव्या रोगासारखे वर्णन करीत आलो होतो. या घरातील कपाट आणि खिडकी आमच्याकडे पाहून हसत असावीत असे वाटले.

घरच्या यजमानीण बाई साठीच्या. आम्हांला इंग्रजी येते, सिंहली येत नाही, त्यांचे उलट. परंतु त्या अचानक स्वच्छ हिंदीत बोलू लागल्या. हिंदी कोठे शिकलात, असे आम्ही विचारले. "कुवेतमध्ये," त्या म्हणाल्या. "एका घरात नऊ वर्षं होते. स्वयंपाकाला हैदराबादची बाई होती. तिच्याकडून हिंदी शिकले, मालकिणीकडून अरबी."

आमच्या मनात पिंगळीची ओसरी उभी राहिली. आम्ही त्यांना सारी हकीकत सांगितली. आम्ही दिलेल्या उत्तरासकट. छपराविना भिंती हे वाक्यही सांगितले. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी वर बोट दाखविले.

"फादर, हे छप्पर कुवेतचं आहे. त्याआधी झापांचं होतं. पावसाळ्यात मुलांना उचलून कोपऱ्याकोपऱ्यात फिरावं लागायचं."

आम्ही वर पाहिले. लाल कौले होती, चांगली बसविलेली.

त्यांनी पुढे जे सांगितले ते सगळे गोड नव्हते. पहिली दोन वर्षे सुटी मिळाली नाही. पहिल्या मालकिणीने पारपत्र कुलपात ठेवले होते. धाकटा मुलगा चार वर्षांचा असताना त्या गेल्या. "आज तो मोठा माणूस आहे, पण ताप आला की आजीला हाक मारतो. आजी जाऊन सहा वर्षं झाली. मी शेजारीच बसलेली असते." हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. मुलगी परिचारिका झाली, तीही त्याच पैशावर. आणि आता, २०२२ च्या आर्थिक संकटात मुलाची नोकरी गेल्यापासून, सून बाहेर जाण्याचे म्हणते आहे.

ते संकट वाचकांना आठवत असेल. २०२१ साली सरकारने रासायनिक खते एकाएकी बंद केली आणि पिके बसली. त्याआधीच परकीय कर्ज डोईजड झाले होते आणि पर्यटन थांबले होते. एप्रिल २०२२ मध्ये देशाने कर्जफेड स्थगित केली. पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, औषधे मिळेनाशी झाली, आणि जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. देशाला परकीय चलन मिळवून देणाऱ्यांत या घरकाम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. मात्र त्यांना जाऊ द्यावे की नाही, याचा निर्णय त्या सोडून सारेच घेत आले. जानेवारी २०१३ मध्ये सौदी अरेबियात एका तरुण श्रीलंकन मोलकरणीला देहान्त शासन झाले. सारा देश हळहळला. त्याच वर्षी पाच वर्षांखालील मुले असलेल्या मातांवर परदेशी घरकामासाठी जाण्यास निर्बंध आला, आणि २०२२ साली चलनाची निकड लागताच तो शिथिल झाला.

"त्या काळी आमच्या चर्चमध्येही प्रवचन झालं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखंच. सगळे माझ्या सासूकडे बघत होते. फादर, प्रवचन खोटं नव्हतं. मला किंमत पडली, ती मला माहीत आहे. पण मी जाण्याआधी काय होतं, हे कोणी विचारलं नाही." मग क्षणभर थांबून त्यांनी अगदी सहज विचारले, "तुमच्या घरातून कोणी बाहेर गेलं नाही का?"

वाचकहो, या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले. पण ते देताना मान वर करवली नाही. आमचे थोरले बंधू चौदा वर्षे मस्कतला होते. आम्ही सेमिनरीत ख्रिस्ती तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा घर त्यांच्या पगारावर चालत होते. आमच्या दीक्षाविधीच्या दिवशी अंगणात मांडव पडला, गावाला जेवण झाले, तेही त्यांच्याच पैशातून. ते स्वतः येऊ शकले नाहीत. सुटी मिळाली नव्हती. त्यांच्याविषयी आम्ही कधी प्रवचन केले नाही. पुरुष बाहेर गेला की त्याला आपण कर्ता म्हणतो. बाई निघाली की आपल्याला संस्कृती आठवते.

दुसऱ्या दिवशी बाई आम्हांला कटुवापिटियाच्या संत सेबॅस्टियन चर्चमध्ये घेऊन गेल्या. २१ एप्रिल २०१९ च्या पुनरुत्थान रविवारी आत्मघातकी हल्लेखोराने येथे मिस्साबलीच्या वेळी स्फोट घडविला. या एकाच चर्चमध्ये शंभराहून अधिक भाविक मरण पावले. पुनरुत्थित प्रभूच्या ज्या मूर्तीवर त्यांचे रक्त उडाले ती तशीच काचेआड ठेवली आहे. बाईंनी मेणबत्ती लावली आणि पुष्कळ वेळ गुडघे टेकले. त्यांचे कोण गेले हे आम्ही विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. जगभर पसरलेली वाट नुसता पाव, रिक्षा आणि पगार घेऊन येत नाही. दूरच्या देशांतील द्वेषही याच वाटेने येतो. हे आम्ही त्या काचेपुढे उभे राहून मान्य केले. जागतिकीकरणाचे कौतुक करणाऱ्यांनी येथेही येऊन उभे राहावे.

तेथून आम्ही कँडीला गेलो. संत जोजफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. कोकणी ही त्यांची मातृभाषा. डचांनी लंकेत कॅथलिक धर्माला बंदी केली होती. मिस्साबली नाही, धर्मगुरू नाही, अशी तेथील भाविकांची कित्येक वर्षे गेली होती. हे ऐकून ते १६८६ साली गोव्याहून निघाले आणि १६८७ साली एका सामान्य मजुराच्या वेशात जाफन्याला पोचले. वाटेत हगवणीने जर्जर झाले, भीक मागून राहिले. पुढे कँडीच्या राज्यात पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. त्यांनी तमिळ आणि सिंहली आत्मसात केल्या. १६९७ च्या देवीच्या साथीत बरेच लोक नगर सोडून गेले असता त्यांनी धर्माचा भेद न करता रोग्यांची शुश्रूषा केली. बौद्ध राजाने त्यांना आश्रय दिला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली कोलंबोला येऊन त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात त्यांना संतपद बहाल केले.

त्यांच्या पाठोपाठ १७०५ साली दिवाडी बेटावरील जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके लेखन केले, की सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांना मान मिळतो. त्यांच्या एका सिंहली ग्रंथाचे नाव 'देव वेद पुराणय'. मराठी वाचकाला येथे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. इंग्लंडचा माणूस गोव्यात येऊन मराठीत पुराण रचतो आणि शतकभराने गोव्याचा माणूस लंकेला जाऊन सिंहलीत पुराण रचतो. संस्कृती ही कुलपात ठेवण्याची वस्तू असती तर हे दोन्ही ग्रंथ आपल्याला मिळाले नसते.

कँडीच्या त्या चढणीवर आमच्या मनात एक विचार आला आणि तो काही केल्या हटेना. ज्या संताला वंदन करण्यासाठी आम्ही विमानाने आलो होतो, तो या देशात मजुराच्या वेशात शिरला होता. डचांच्या कायद्याच्या दृष्टीने तो परवान्याविना शिरलेला माणूस होता. त्याला कोणी चांगल्या चालीचे पत्र दिले असते काय? आणि आमच्या पिंगळीची ती भगिनी तर वेश न पालटताच मजूर होती. तिला मात्र आम्ही दारातूनच परत पाठविले होते.

परत आल्यावर पहिल्याच फेरीत आम्ही तिच्या घरी गेलो. घराला कुलूप होते. शेजारच्या म्हातारीने सांगितले, "ती व्हय? ती गेली की उसाला. भावासंगं गेलीया, अर्ध्या कोयत्यावर. लेकरं बी नेली संगं. आता पाडव्याबगर येत न्हाईत."

ऊसतोडीचा हिशेब नवराबायकोच्या जोडीवर चालतो. जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या बाईचा अर्धा. आम्ही त्या कुलपाकडे पाहत उभे राहिलो. आई घरात राहावी म्हणून आम्ही पत्र नाकारले होते. आता आईही घरात नव्हती, मुलेही नव्हती, आणि शाळेच्या हजेरीपटावर दोन नावांपुढे गैरहजेरी लागत होती. कुवेत आम्हांला परमुलूख वाटला होता. उसाच्या फडातील पाचटाची कोपी मात्र आम्हांला इतकी सवयीची झाली होती, की ती आमच्या प्रवचनात कधी आलीच नव्हती.

पाडव्यानंतर, उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यांत, ती परतल्याचे कळले. आम्ही संध्याकाळच्या गाडीचा विचार न करता गेलो आणि ओसरीवर बसलो. हात काळवंडले होते, पातींनी कापल्याच्या खुणा मनगटापर्यंत होत्या. आम्ही तिला म्हणालो, "बाई, त्या दिवशी आम्ही तुमचे ऐकून न घेताच उत्तर दिले. ते चुकले." ती गोंधळली, धर्मगुरूंनी असे म्हणण्याची तिला सवय नव्हती. "न्हाई फादर, तुमी बी मपल्या चांगल्यासाठीच बोलला की," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मग आम्ही मधल्या काळात जी माहिती मिळविली होती ती तिला सांगितली. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाला आखाती देशांत कामासाठी जाताना सरकारची निर्गमन मंजुरी घ्यावी लागते. अशा स्त्रीचे वय तीस पूर्ण असावे लागते. घरकामासाठी स्त्रियांची भरती खासगी दलालाकडून नव्हे, तर सरकारने नेमून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होऊ शकते. नोकरीचा करार हातात असल्याशिवाय कोणाला एक रुपयाही द्यावयाचा नाही. तिला पूर्वी भेटलेला 'माणूस' यांपैकी कशातच बसत नव्हता. निगंबोच्या बाईंचे बोलणेही आम्ही सांगितले. छपराचे सांगितले आणि तापात आजीला मारलेल्या हाकेचेही. दोन्ही सांगणे आमचे कर्तव्य होते. निर्णय तिचा होता.

मुलगी उंबऱ्याशी बसून ऐकत होती. आईने तिच्याकडे पाहिले.

"दहावी झाली म्हंजे हिला हे मंजुरीचं लचांड न्हाई का, फादर?"

"नाही," आम्ही म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प बसली. "मग यंदा न्हाई जायचं. ना उसाला, ना कुटं. हिची दहावी होऊ द्या. पुढच्या साली बघू." आणि कपबशी आमच्यापुढे सरकवीत ती म्हणाली, "पर तुमी कागद लिवून ठिवा. लागला तर असावा."

आम्ही पिशवीतून कागद काढला आणि तेथेच, ओसरीवर बसून, पत्र लिहिले. मुलीने ते आईला मोठ्याने वाचून दाखविले. एका ठिकाणी आमचे अक्षर तिला लागले नाही. तो शब्द 'कष्टाळू' असा होता, तो आम्ही पुन्हा नीट लिहून दिला.